जिन्न : पद, पदार्थ आणि प्रतीक

धर्मग्रंथांत येणाऱ्या अदृश्य योनींचा विचार सुरू झाला म्हणजे अभ्यासकापुढे सामान्यतः दोन पर्याय ठेवले जातात. त्या योनी ग्रंथाला शब्दशः अभिप्रेत आहेत, किंवा त्या एखाद्या निसर्गशक्तीची, मनोवृत्तीची अथवा मानवसमूहाची प्रतीके आहेत. कुराणातील जिन्नांविषयीचा आधुनिक वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याच दोन टोकांमध्ये चालत आला आहे. त्यात पहिल्या पक्षाची बाजू सर्वांत आग्रहाने मांडणाऱ्यांपैकी एक भाष्यकार मराठवाड्यात जन्मलेला होता. मौलाना अबुल आला मौदूदी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे झाला, आणि त्यांचे आरंभीचे शिक्षणही याच शहरात झाले. हैदराबादेत काही वर्षे नियतकालिक चालविल्यानंतर १९३८ मध्ये ते पंजाबात गेले. १९४१ मध्ये लाहोर येथे त्यांनी जमाते-इस्लामीची स्थापना केली. ‘तफहीम-उल्-कुराण’ हे त्यांचे सहा खंडांचे उर्दू भाष्य १९४२ मध्ये सुरू होऊन १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या राजकीय विचारांची चर्चा हा येथील विषय नाही. जिन्नांच्या प्रश्नावर त्यांनी केलेला अर्थनिर्णय भाषाशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ही परीक्षा करताना एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. ‘ग्रंथात या शब्दाचा अर्थ काय’ हा एक प्रश्न आहे आणि ‘त्या अर्थाशी जुळणारी वस्तू जगात आहे काय’ हा दुसरा. पहिला प्रश्न पदाचा, दुसरा पदार्थाच्या अस्तित्वाचा. जिन्नविषयक वादातील बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच मानल्यामुळे झाला आहे, आणि तो दोन्ही पक्षांनी सारखाच केला आहे.

प्रथम पदाचा विचार करू. ‘जिन्न’ हा शब्द अरबीतील ज-न-न या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ झाकणे, दृष्टीआड करणे असा आहे. हा धातू कुराणात अनेक रूपांनी भेटतो. रात्रीने अब्राहामास झाकून टाकले असे म्हणताना याच धातूचे क्रियापद येते (सूरा ६, आयत ७६). मातेच्या उदरातील गर्भांसाठी येणारा शब्द याच धातूचा आहे (५३:३२). खोट्या शपथांची ढाल करणाऱ्यांचे वर्णन करताना ‘ढाल’ या अर्थी येणारा शब्दही त्याच कुळातील आहे (६३:२). झाडीने झाकलेली बाग ती ‘जन्नत’, आणि ज्याची बुद्धी झाकली गेली तो ‘मज्नून’. इतकेच नव्हे, तर मोशेची काठी सापासारखी वळवळली त्या ठिकाणी ‘जान्न’ हा शब्द सर्पवाचक आहे (२७:१०), आणि तोच शब्द अग्नीपासून उत्पन्न झालेल्या योनीसाठी अन्यत्र वापरला आहे (१५:२७, ५५:१५).

प्रतीकवादी पक्षाचा मुख्य आधार ही व्युत्पत्तीच आहे. जे झाकलेले ते जिन्न, असे एकदा मानले म्हणजे त्या शब्दात काहीही बसविता येते. सर सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) यांनी सुलेमानाच्या सेवेतील जिन्न म्हणजे डोंगरारानांत राहणारी बलदंड माणसे, असा अर्थ लावला. इजिप्तमधील मुहम्मद अब्दुह आणि रशीद रिदा यांच्या ‘अल्-मनार’ भाष्यात रोगजंतूंनाही जिन्नांचा एक प्रकार मानता येईल अशी सूचना आली. मुहम्मद असद यांनी १९८० मध्ये पूर्ण प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी अनुवादाला या शब्दावर स्वतंत्र परिशिष्ट जोडून स्थलपरत्वे त्याचे निरनिराळे अर्थ सुचविले. कुठे अदृश्य शक्ती, कुठे अनोळखी परके लोक, तर कुठे प्रचलित दंतकथेतील पात्रे.

भारतीय शब्दशास्त्राच्या अभ्यासकाला या युक्तिवादातील उणीव ओळखीची वाटेल. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे, हा भेद आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वी केला आहे. ‘गो’ शब्द गमनार्थक धातूपासून व्युत्पन्न केला, तरी चालणारी प्रत्येक वस्तू गाय होत नाही. चिखलात जन्मणारे पुष्कळ असते, पण ‘पंकज’ म्हणजे कमळच. अमरकोशात देवयोनींच्या यादीत ‘गुह्यक’ हे नाव येते. त्याचा धातूही लपविणे या अर्थाचाच आहे, आणि म्हणून ते ‘जिन्न’ शब्दाला अर्थदृष्ट्या आश्चर्यकारक जवळचे आहे. तरीही कुबेराचे गुह्यक म्हणजे कोणतीही लपलेली वस्तू, असे कोणी म्हणत नाही. यास्काच्या निरुक्तात वृत्राविषयी हाच वाद आला आहे. नैरुक्तांच्या मते वृत्र म्हणजे मेघ, ऐतिहासिकांच्या मते त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर. सर सय्यद हे या अर्थाने एकोणिसाव्या शतकातील नैरुक्त होत.

मौदूदींचा प्रतिवाद येथूनच सुरू होतो, आणि त्याचा पहिला भाग भाषिक दृष्ट्या भक्कम आहे. सुलेमानाच्या सैन्यात जिन्न, मनुष्य आणि पक्षी होते असे सांगणाऱ्या आयतीवर (२७:१७) भाष्य करताना ते दाखवितात, की तीन वर्ग येथे समान पातळीवर पृथक् उल्लेखिलेले आहेत. त्यांतील दोन वर्ग तिसऱ्याच्या पोटात घालणे वाक्यरचनेस धरून नाही. एखाद्या बलाढ्य पुरुषास लक्षणेने जिन्न म्हणता येईल, पण त्यासाठी वाक्यात वा प्रसंगात तसे गमक असावे लागते. गमक नसता रूढ अर्थ सोडण्याचा अधिकार वाचकाला नाही. ‘अल्-जिन्न’ या बहात्तराव्या सूरेच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे. मनुष्य मातीपासून आणि जिन्न अग्नीपासून घडविला, जिन्नाची निर्मिती आधीची, तो माणसाला पाहतो पण माणूस त्याला पाहू शकत नाही (७:२७), दोघांनाही उपासनेसाठीच निर्माण केले (५१:५६), दोघांचाही न्याय होणार. अशी स्थळे एकत्र ठेवली म्हणजे ‘जिन्न’ हा ‘मनुष्य’ या शब्दाचा प्रतियोगी आहे हे नाकारता येत नाही.

हा युक्तिवाद संस्कृत अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सहज मांडता येतो. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी घातल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. संबंध आणि प्रयोजन प्रतीकवाद्यांना दाखविता येईल. प्रश्न मुख्यार्थबाधाचा आहे. गंगेवरील गौळवाड्याच्या परिचित उदाहरणात बाध होतो तो जगाच्या ज्ञानामुळे, कारण प्रवाहावर वस्ती राहू शकत नाही हे वक्ता आणि श्रोता दोघांनाही ठाऊक असते. सर सय्यदांच्या मते ईश्वराचे वचन आणि ईश्वराची कृती, म्हणजे निसर्ग, यांत विरोध असू शकत नाही. निसर्गात जिन्न आढळत नाहीत, म्हणून मुख्यार्थ बाधित होतो. परंतु हा बाध एकोणिसाव्या शतकातील अलिगढच्या वाचकाला होतो. सातव्या शतकातील मक्केच्या श्रोत्याला तो होत नव्हता. त्याच्या दृष्टीने रानात, दरीत, ओसाड जागी जिन्न असणे हे घोड्याउंटांच्या असण्याइतकेच स्वाभाविक होते. जो बाध मूळ संवादातील श्रोत्याला जाणवलाच नाही, त्याच्या बळावर मूळ वाक्याचा अर्थ बदलणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. तो नवा अर्थ देणे होय. नवा अर्थ देण्याचा हक्क प्रत्येक पिढीला आहे, पण त्याला मूळ अर्थ म्हणता येत नाही.

प्रतीक जेव्हा खरोखरच अभिप्रेत असते तेव्हा ग्रंथ त्याची खूण कशी ठेवतो, हे पाहण्यास दूर जावयास नको. पैठणच्या एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडात विंचू चावतो, आणि तो विंचू काम-क्रोधांचा आहे हे भारूड स्वतःच सांगते; उतारा सत्त्वगुणाचा आहे हेही तेच सांगते. तुकारामांच्या अभंगात विठ्ठलाला भूत म्हटले आहे; तेथे झपाटलेला माणूस संसाराला परत येत नाही, या वर्णनातूनच रूपक उघडे होते. फार्सी-उर्दू काव्यात ही खूण संकेताची असते. अठराव्या शतकात औरंगाबादेत होऊन गेलेल्या सिराज औरंगाबादींच्या सर्वश्रुत गझलेत ‘जुनून’ आणि ‘परी’ हे शब्द जोडीने येतात. ‘जुनून’ हा त्याच ज-न-न धातूचा, आणि परी ही फार्सी कल्पनासृष्टीतील जिन्नांचीच आप्त. परीच्या दर्शनाने वेड लागते हा त्या काव्यातील रूढ संकेत असल्यामुळे त्या परीच्या अस्तित्वाविषयी कोणी वाद घालीत नाही. सूफी अनुभवाच्या टोकाला वेडही उरत नाही आणि वेड लावणारेही उरत नाही, हा आशय संकेत जाणणाऱ्यास तत्काळ कळतो.

कुराणातही प्रतीकाची खूण आहे. ‘मसल’, म्हणजे दृष्टांत, हा शब्द तेथे वारंवार येतो. प्रकाशाची उपमा देताना (२४:३५), कोळ्याच्या जाळ्याची उपमा देताना (२९:४१) हा शब्द स्पष्टपणे योजिला आहे. जिन्नांविषयीच्या निवेदनांत तो नाही. नरकातील वृक्षाचे फळ सैतानांच्या मस्तकांसारखे आहे (३७:६५), तेथेही उपमावाचक शब्द आहे. हे स्थळ अरबी अलंकारविचाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जे कोणी पाहिलेले नाही त्याची उपमा कशी देता येईल, असे अबू उबैदा या भाषापंडिताला विचारण्यात आले. अरबांशी अरबांच्या बोलण्याच्या रीतीनेच बोलले आहे, असे उत्तर त्याने दिले, आणि त्यातूनच ‘मजाझ-उल्-कुराण’ हा ग्रंथ निर्माण झाला, अशी परंपरा आहे. तात्पर्य, हा ग्रंथ उपमा आणि निवेदन यांत भेद करतो. तो भेद पुसून सर्वच उपमा ठरविणे योग्य नाही.

यापुढील विचार वाङ्मयीन आहे, आणि त्याकडे दोन्ही पक्षांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. जिन्न या ग्रंथात करतात काय? इस्लामपूर्व अरबांच्या समजुतीप्रमाणे कवी आणि काहीन, म्हणजे भविष्य सांगणारे, जिन्नांच्या प्रेरणेने बोलत. म्हणूनच प्रेषित महंमदांवर ‘मज्नून’ असल्याचा आरोप झाला, आणि कुराणाने तो पुन्हा पुन्हा नाकारला (५२:२९, ८१:२२). काही लोक जिन्नांना ईश्वराचे भागीदार मानीत (६:१००). ओसाड दरीत मुक्काम पडला म्हणजे तेथील जिन्नाचा आश्रय मागण्याची चाल होती, आणि तिचा निषेध बहात्तराव्या सूरेत आला आहे (७२:६). या पार्श्वभूमीवर ती सूरा वाचली म्हणजे तिच्यातील उलटापालट ध्यानात येते. तेथे जिन्न काही वदवीत नाहीत, ते ऐकतात. ज्यांना वाणीचे उगमस्थान समजले जात होते ते येथे श्रोत्यांच्या रांगेत बसले आहेत, आणि आपल्यातही काही भले व काही बुरे आहेत अशी कबुली देत आहेत. आकाशातील वार्ता चोरून ऐकण्याची त्यांची वाट बंद झाली आहे (७२:८-९). सुलेमानाच्या मृत्यूच्या कथेत तर ते राबतच राहतात. काठी किड्याने पोखरून प्रेत कोसळेपर्यंत धनी मेल्याचे त्यांना कळत नाही, आणि अदृष्टाचे ज्ञान त्यांना नाही हे सिद्ध होते (३४:१४).

म्हणजे या ग्रंथात जिन्नांचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्यांचे पद उतरविले आहे. जे उपास्य होते ते उपासक झाले, जे सर्वज्ञ मानले जात ते अज्ञ ठरले, जे भय देत ते स्वतः जबाबदारीच्या कक्षेत आले. पदावरून उतरविण्यासाठी कोणीतरी असावे लागते. जिन्न म्हणजे डोंगरी माणसे किंवा रोगजंतू असे म्हटले, की ही सारी अवनती निरर्थक होते, कारण त्या माणसांना वा जंतूंना कोणी ईश्वराचे भागीदार केलेले नव्हते. प्रतीकवादी अर्थाविरुद्धचा सर्वांत समर्थ आक्षेप हाच आहे. ग्रंथाला जे करावयाचे आहे तेच त्या अर्थाने करता येत नाही. या मर्यादेपर्यंत मौदूदींचा निर्णय ग्राह्य मानावा लागतो.

परंतु मौदूदी तेथे थांबत नाहीत. ग्रंथाला जिन्न शब्दशः अभिप्रेत आहेत येथून ते, म्हणून जिन्न वस्तुतः आहेत आणि इंद्रियांना न दिसणारे सारे नाकारणारा आधुनिक मनुष्य अविवेकी आहे, येथवर येतात. अस्तित्वाची व्याप्ती इंद्रियज्ञानाहून मोठी असू शकते, हे विधान तर्काला धरून आहे. पण एखादी गोष्ट असू शकते यावरून ती आहे असे ठरत नाही. श्रद्धावंताच्या दृष्टीने मधली पायरी ईश्वरवचनावरील विश्वासाने भरून निघते आणि त्यात विसंगती नाही. मात्र तो निष्कर्ष श्रद्धेचा आहे, शब्दार्थाच्या मीमांसेचा नव्हे. मौदूदींच्या भाष्यात दोहोंचा सांधा अदृश्य राहतो, आणि भाषिक युक्तिवादाचे बळ अस्तित्वविषयक विधानाच्या खाती आपोआप जमा होते. गंमत अशी, की सर सय्यदही याच वाटेने उलट दिशेने चालले होते. जगात नाही म्हणून शब्दात नाही, असे एकाचे म्हणणे. शब्दात आहे म्हणून जगात आहे, असे दुसऱ्याचे. ग्रंथाचा अर्थ आणि जगाची स्थिती तंतोतंत जुळलीच पाहिजेत, हे गृहीत दोघांनाही समान आहे.

इस्लामी ज्ञानपरंपरेत मात्र या सांध्याची जाणीव जुनी आहे. इब्न सीना (९८०–१०३७) याने जिन्नाची व्याख्या ‘नानाविध आकार घेणारा वायुमय प्राणी’ अशी केली आणि ही केवळ नावाची फोड आहे, असे सांगितले. फख्रुद्दीन राझी याने बहात्तराव्या सूरेवरील भाष्यात हे वचन उद्धृत करून त्यातील रोख ओळखला आहे. शब्दाचा अर्थ सांगता येतो म्हणून वस्तू आहे असे होत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांतील ‘विकल्प’ ही कल्पना याच जातीची आहे. शब्दापासून ज्ञान होते, पण त्यामागे वस्तू असेलच असे नाही. झमख्शरी (१०७५–११४४) हा व्याकरणकार-भाष्यकार आणखी एक पायरी पुढे जातो. व्याज खाणारे लोक सैतानाच्या स्पर्शाने झपाटलेल्यासारखे उठतील, या आयतीवर (२:२७५) तो म्हणतो, की सैतानाने माणसाला झपाटणे ही अरबांची समजूत होय, आणि वचन त्या समजुतीला अनुसरून आले आहे. ‘झपाटल्यासारखा’ असे म्हणणारा वक्ता झपाटण्याच्या शास्त्राला संमती देतोच असे नाही. सूर्य मावळला असे ज्योतिषीही म्हणतो.

आपल्याकडील मीमांसकांनी देवतांविषयी असाच वाद केला. देवतेला शरीर नाही, मंत्रातील शब्द हीच देवता, असा पूर्वमीमांसेचा पक्ष. देवतांना शरीर आहे आणि म्हणून त्यांना ब्रह्मविद्येचा अधिकार आहे, असा शंकराचार्यांचा पक्ष. तेथेही वादाचे मर्म ‘देव आहेत का’ यापेक्षा ‘अधिकार कोणाचा’ हे होते. जिन्नांच्या बाबतीतही कुराणाचा भर त्यांच्या शरीरापेक्षा त्यांच्या उत्तरदायित्वावर आहे.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व मराठी शब्दव्यवहारात दिसते. मराठीत ‘जिन्न’, ‘जिंद’ हे शब्द भुताखेतांच्या मालिकेत जाऊन बसले आहेत. ‘खवीस’ हा शब्द मूळ अरबी ‘खबीस’, म्हणजे दुष्ट वा अमंगळ. मराठी लोकसमजुतीत तो मुसलमानाच्या भुताचे नाव झाला. भूत म्हणजे मृताचा अतृप्त आत्मा, ही कल्पना या शब्दांना येथे चिकटली. कुराणातील जिन्न मात्र मृताचा आत्मा नव्हे. ती स्वतंत्र निर्मिती आहे. म्हणून अनुवादकाने ‘जिन्न’ या शब्दासाठी ‘भूत’ किंवा ‘पिशाच्च’ योजले, तर तो एका संपूर्ण कल्पनासृष्टीच्या जागी दुसरीच आणून बसवितो. मूळ शब्द तसाच ठेवून त्याचे प्रवृत्तिनिमित्त टीपेत सांगणे, हाच योग्य मार्ग होय.

हा केवळ कोशकाराचा प्रश्न नाही. आजारी माणसाला जिन्न लागला म्हणून त्याला बांधून ठेवणारा वा मारहाण करणारा मांत्रिक ग्रंथाच्या शब्दशः अर्थाचा आधार सांगतो, आणि भूत उतरविण्याच्या निमित्ताने होणाऱ्या अशा छळाला महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. त्याला उत्तर देण्यासाठी जिन्न हे प्रतीक आहे असे सिद्ध करावे लागते, असा अनेक सुधारकांचा समज असतो. तसे करण्याची आवश्यकता नाही. शब्दशः अर्थ घेऊनही त्या ग्रंथातील जिन्न अदृष्ट जाणत नाहीत, त्यांचा आश्रय मागणे निषिद्ध आहे, आणि सैतान स्वतः न्यायाच्या दिवशी म्हणतो, की माणसांवर त्याची सत्ता नव्हती, त्याने केवळ हाक दिली होती (१४:२२). मांत्रिकाचा धंदा ज्या तीन गृहीतांवर चालतो ती तिन्ही येथे ग्रंथाच्या अक्षरानेच काढून घेतली आहेत. प्रतीकवादी अर्थ श्रद्धावंताला परका वाटतो आणि म्हणून बहुधा निष्फळ ठरतो. शब्दाला धरून केलेला हा युक्तिवाद त्याला परका वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा ‘शब्दशः की प्रतीकात्मक’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण तो प्रश्नच एक नाही. पदाच्या पातळीवर कुराणातील जिन्न ही माणसाहून भिन्न, अदृश्य आणि उत्तरदायी योनी आहे. तेथे मौदूदींचा पक्ष बळकट आहे. उपमा आणि वाक्प्रचार यांच्या पातळीवर प्रत्येक स्थळाचा स्वतंत्र निर्णय करावा लागतो. तेथे झमख्शरी अधिक विश्वसनीय मार्गदर्शक आहे. पदार्थाच्या अस्तित्वाचा निर्णय शब्दशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असून तो श्रद्धेने किंवा अनुभवाने ज्याचा त्याने करावयाचा आहे. या तीन पातळ्या वेगळ्या राखणे एवढेच अर्थमीमांसकाचे काम, आणि त्यात त्याने कोणत्याही पक्षाच्या सोयीसाठी सूट देऊ नये.